स्वरलेखन न येणाऱ्या अर्विंग बर्लिनला संगीतकार म्हणावे का?

हडसनतीर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात मॅनहॅटनमधील 45व्या रस्त्यावरच्या म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये एक नाटक पाहिले. साधारण हजार आसनांचे हे देखणे नाट्यगृह अमेरिकी गाण्यांचा प्रसिद्ध रचनाकार अर्विंग बर्लिनने 1921 साली सॅम हॅरिस या निर्मात्याच्या भागीदारीत बांधून घेतले, ते आपल्या गाण्यांचे कार्यक्रम हक्काच्या जागी करता यावेत म्हणून. मध्यंतरात मी हे कौतुकाने सांगू लागलो. सोबत आलेला माझा मित्र इथल्या एका शाळेत पाश्चात्त्य संगीत शिकवतो. तो म्हणाला की बर्लिन थोर गीतकार होता हे मान्य, परंतु त्याला संगीतकार म्हणणे योग्य नाही. त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते, लिहिता येत नव्हते, पियानोवर तो आयुष्यभर एकाच पट्टीत वाजवत राहिला आणि त्याच्या चाली कागदावर उतरवायला पगारी माणूस लागायचा.

तेवढ्यात पुढचा अंक सुरू झाला आणि बोलणे तिथेच थांबले. मला मात्र ते खटकत राहिले आहे. ज्याने सुमारे दीड हजार गाणी लिहिली, ज्याच्या गाण्यांत शब्द आणि चाल बहुतेक वेळा एकाच डोक्यातून आले, त्याच्या नावापुढचा 'संगीतकार' हा शब्द काढून घ्यावा का? येथे पेटी वाजवणारे, चाली बांधणारे आणि पाश्चात्त्य संगीत शिकलेले असे सगळेच सदस्य आहेत, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

काळी_तीन

माझे सदस्यनाम पाहून हा धागा माझ्यासाठीच काढला असावा असे वाटले, कारण बर्लिन ज्या एका पट्टीत वाजवायचा ती एफ शार्प म्हणजे आपली काळी तीन.

ही पट्टी त्याला का सोयीची होती, ते पेटी वाजवणाऱ्याला लगेच कळेल. काळी तीनला षड्ज धरला की त्या सप्तकातले सा, रे, ग, प आणि ध हे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात. कोणी शिकवले नसताना कानाने वाजवणाऱ्याचा हात उंच आणि सुट्या काळ्या पट्ट्यांवर चटकन बसतो. आमच्या गावातल्या भजनी मंडळातील एक बुवा असेच काळ्या पट्ट्यांवर वाजवायला शिकले होते आणि शेवटपर्यंत तसेच वाजवत राहिले.

मग गायकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलायची कशी? त्यासाठी बर्लिनने खास यंत्रणेचा पियानो घेतला होता. त्याची कळ फिरवली की हात काळी तीनवरच चालत राहतो आणि आवाज मात्र दुसऱ्या पट्टीत निघतो. आपल्याकडच्या स्केलचेंजर पेटीचेच हे तत्त्व आहे. बर्लिन या पियानोला लाडाने 'ब्यूक' म्हणायचा, कारण कळ फिरवणे त्याला मोटारीचा गिअर टाकल्यासारखे वाटे. त्याचा असा एक पियानो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

स्केलचेंजर पेटी वापरणाऱ्या वादकाला आपण कमी लेखत नाही, मग बर्लिनलाच का लेखावे?

जुनी_तबकडी

धागा आवडला. ज्यांना बर्लिनची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते, कारण स्वरलेखन का आले नाही याचे उत्तर त्याच्या लहानपणात आहे.

मूळ नाव इझ्रायल. जन्म 11 मे 1888, रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात. 1893 साली, पाच वर्षांचा असताना, तो आईवडील आणि भावंडांसह न्यू यॉर्कला आला आणि लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या खोल्यांत वाढला. वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे होते. गाणे कानावर पडले ते तिथे. मुलगा तेरा वर्षांचा असताना वडील गेले. घरात आपल्या कमाईची भर सगळ्यात कमी पडते याची त्याला लाज वाटे, म्हणून तो घर सोडून निघाला. बावरी भागातल्या दारूच्या गुत्त्यांत गाऊन तो पैसे मिळवू लागला आणि स्वस्त धर्मशाळावजा खोल्यांत झोपू लागला. पुढे चायनाटाउनमधल्या पेल्हॅम कॅफेत त्याला गाणाऱ्या वेटरची नोकरी लागली. रात्रभर पेले पोचवायचे, गाजलेल्या गाण्यांच्या चालीवर चावट विडंबने गायची आणि गिऱ्हाइकांनी फेकलेली नाणी गोळा करायची. दुकान बंद झाल्यावर तो मागच्या पियानोवर बोटे फिरवत बसे. संगीताचे शिक्षण म्हणाल तर एवढेच.

1907 साली त्याचे पहिले गाणे छापले गेले. शब्द त्याचे आणि चाल कॅफेतल्या पियानोवादकाची. त्याच्या वाट्याला 37 सेंट आले. छापील प्रतीवर नाव पडले 'आय. बर्लिन', आणि तेच त्याने पुढे चालवले.

अनुष्टुभ

37 सेंटचे वाचून थांबलो. त्यानंतर चारच वर्षांनी, 1911 साली, 'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड' आले आणि तेवीस वर्षांच्या या मुलाचे नाव युरोपपर्यंत गेले. जाणकार सांगतात की त्या गाण्यात खरा रॅगटाइम (आघात सरकवत जाणारा त्या काळचा अमेरिकी संगीतप्रकार) फारसा नाही, ते जवळजवळ कूचगीत आहे. ते मलाही मान्य आहे. पण ऐकणाऱ्याला हाक मारून जवळ बोलावणारा जो सूर त्यात आहे, तो गुत्त्यात भर गोंगाटात गिऱ्हाइकाचे लक्ष वेधून घेणाऱ्यालाच साधला असता असे मला वाटते.

अवांतर : बालगंधर्वांचा जन्म 26 जून 1888 चा, म्हणजे बर्लिन त्यांच्यापेक्षा दीड महिन्याने मोठा. आणि 1911 हे आपल्या संगीत 'मानापमाना'चेही वर्ष. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण कोणत्या काळाबद्दल बोलतो आहोत हे मनात बसायला मला या जुळणीचा उपयोग होतो.

पाचरेघी

मी येथे थोडा विरोधी सूर लावणार आहे. पाश्चात्त्य संगीतात चाल म्हणजे सगळे गाणे नव्हे. चालीखाली कोणते स्वरसमूह (कॉर्ड) येतात, मंद्रातला स्वर कुठून कुठे जातो, दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत काय वाजते, यावर गाण्याचा निम्मा परिणाम अवलंबून असतो. बर्लिनकडे हे काम करणारी माणसे होती. सुरुवातीला क्लिफ हेस, नंतर आर्थर जॉन्स्टन आणि पुढे कित्येक दशके हेल्मी क्रेसा. ही सगळी जाणकार माणसे होती, त्यांना निव्वळ लेखनिक म्हणणे अन्यायाचे होईल. काळी_तीन यांनी दिलेले स्केलचेंजरचे उदाहरण मला म्हणूनच अपुरे वाटते. भजनात पेटी गळ्याच्या मागून जाते, तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

धागाकर्त्यांच्या मित्राची भाषा कडक असेल, पण त्यांची शंका चुकीची नाही.

रंगपट

पाचरेघी, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु ब्रॉडवेवरची, म्हणजे न्यू यॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरची, कामाची पद्धतही पाहावी लागेल. तिथे वाद्यवृंदासाठी संगीत लिहिण्याचे काम बहुतेक वेळा वेगळ्याच माणसाकडे असते. रिचर्ड रॉजर्सला स्वरलेखन उत्तम येत होते, तरी त्याच्या 'ओक्लाहोमा!' या संगीत नाटकाचा वाद्यवृंद रॉबर्ट रसेल बेनेटने लिहिला, आणि याच बेनेटने बर्लिनच्या 'अ‍ॅनी गेट युअर गन'वरही काम केले. रॉजर्सच्या नावापुढचा 'संगीतकार' कोणी काढून घेत नाही.

'अ‍ॅनी'ची हकीकत सांगायलाच हवी. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन त्या नाटकाचे निर्माते होते. संगीत जेरोम कर्न करणार होता, पण नोव्हेंबर 1945 मध्ये कर्न अचानक वारला आणि काम बर्लिनकडे आले. तो कचरत होता. त्याची बरीचशी कारकीर्द सुट्या प्रवेशांच्या रंगारंग कार्यक्रमांत, म्हणजे 'रिव्ह्यू'मध्ये गेली होती, आणि 'ओक्लाहोमा!'नंतर तर प्रत्येक गाणे कथेतून उगवले पाहिजे अशी अपेक्षा रूढ झाली होती. संहिता घरी नेऊन पाहतो, इतकेच तो म्हणाला आणि थोड्याच दिवसांत अनेक गाणी घेऊन परतला. 'देअर्स नो बिझनेस लाइक शो बिझनेस' त्याने सगळ्यांना दोनदा ऐकवले. दुसऱ्यांदा रॉजर्सच्या चेहऱ्यावर हवा तसा आनंद दिसला नाही, तेव्हा गाणे आवडलेले नाही असे समजून त्याने ते यादीतून काढूनच टाकले. खुलासा झाला आणि मग कचेरीत त्या कागदाची शोधाशोध करावी लागली. 16 मे 1946 रोजी नाटक सुरू झाले आणि त्याचे 1147 प्रयोग झाले.

त्या वेळी तो 58 वर्षांचा होता आणि 'अलेक्झांडर' येऊन 35 वर्षे लोटली होती. इतकी वर्षे नाव मिळवलेला माणूस दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची एक छटा पाहून आपले उत्तम गाणे मागे घेतो, हे वाचले तेव्हा मला फार वाईट वाटले होते.

जुनी_तबकडी

रंगपट, तो हळवेपणा त्याच्या गाण्यांतही उतरला आहे. 1912 साली त्याने डोरोथी गोट्झशी लग्न केले. मधुचंद्रासाठी दोघे क्यूबाला गेली, तिथे तिला विषमज्वर जडला आणि काही महिन्यांतच ती गेली. त्यानंतर त्याने लिहिलेले 'व्हेन आय लॉस्ट यू' अत्यंत साधे आहे, त्यात शब्दांचा कसलाही खेळ नाही. 1926 साली त्याने एलिन मॅकेशी लग्न केले. ती धनाढ्य कॅथलिक घरातली होती आणि वडिलांचा विरोध इतका तीव्र होता की दोघांनी सिटी हॉलमध्ये जाऊन लग्न उरकले. 'ऑलवेज' या गाण्याचे सगळे उत्पन्न त्याने तिच्या नावे करून दिले. त्यांचा तान्हा मुलगा 1928 च्या नाताळच्याच दिवशी गेला. त्याचे 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणे ऐकताना मला ते आठवल्यावाचून राहत नाही.

'ऑलवेज'बद्दलच एक गमतीची गोष्ट. नाटककार जॉर्ज कॉफमनला 'सदैव प्रेम करीन' ही फार मोठी मुदत वाटली, म्हणून त्याने 'गुरुवारी प्रेम करीन' असा बदल सुचवला होता.

अनुष्टुभ

कॉफमनचे वाचून मनापासून हसलो. मात्र 'व्हाइट ख्रिसमस'बाबत सावध राहावे असे वाटते. मुलाचे दुःख त्या गाण्यात शोधणे स्वाभाविक आहे, पण बर्लिन फर्माइशीप्रमाणे लिहिणारा व्यावसायिक होता. एक चाल पडली तर तो ती वर्षानुवर्षे जपून ठेवी. 'ईस्टर परेड'ची चाल त्याने 1917 साली वेगळ्याच शब्दांसाठी बांधली होती. ते गाणे चालले नाही, आणि 1933 च्या 'अ‍ॅज थाउजंड्स चीअर'मध्ये त्याच चालीला नवे शब्द मिळाले. 'गॉड ब्लेस अमेरिका' तर 1918 साली सैनिकांच्या 'यिप यिप याफँक' या कार्यक्रमासाठी लिहून बाजूला ठेवले होते, ते 1938 साली केट स्मिथने रेडिओवर गायले. अशा माणसाच्या प्रत्येक गाण्याला एकेक चरित्रप्रसंग चिकटवला तर त्याच्या कारागिरीवर अन्याय होईल.

मध्यरात्र

'गॉड ब्लेस अमेरिका'चा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही नोंदवते. त्याचे सगळे उत्पन्न बर्लिनने स्काउट संघटनांना देऊन टाकले, आणि पाच वर्षांचा असताना निर्वासित म्हणून आलेल्या मुलाने लिहिलेले ते गाणे मनापासूनचे आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही मंदीत होरपळलेल्या वुडी गथ्री या लोकगायकाला ते गाणे सतत ऐकून चीड आली आणि त्याने 1940 साली उत्तरादाखल 'धिस लँड इज युअर लँड' लिहिले. त्याची चीडही मला खरी वाटते.

शिवाय बर्लिनच्या सुरुवातीच्या गाण्यांत कृष्णवर्णीय, इटालियन आणि ज्यू लोकांची थट्टा करणारी बरीच गाणी आहेत. 'अ‍ॅनी'मधले 'आय अ‍ॅम अ‍ॅन इंडियन टू' आज ऐकवत नाही, 1999 च्या पुनरुज्जीवनात ते वगळले गेले. पण याच माणसाने 1933 साली 'सपर टाइम' लिहिले. जमावाने नवऱ्याला ठार मारले आहे आणि त्याची बायको संध्याकाळचे ताट मांडते आहे. मुलांना बाबा आता घरी येणार नाहीत हे कसे सांगावे, एवढेच ते गाणे आहे. ब्रॉडवेच्या करमणुकीच्या कार्यक्रमात, नाचगाण्यांच्या मधोमध, कृष्णवर्णीय गायिका एथेल वॉटर्स ते उभी राहून गात असे. 1942 च्या 'धिस इज द आर्मी'मध्ये त्याने कृष्णवर्णीय सैनिकांना गोऱ्यांच्या बरोबरीने घेतले, तेही अमेरिकी सैन्यात तुकड्या वर्णानुसार वेगळ्या असताना. या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आहेत.

रंगपट

मध्यरात्र, 'सपर टाइम'बद्दल लिहिल्याबद्दल आभार. केव्हाही मी ते ऐकले की ताट मांडणाऱ्या हातांवर येऊन थबकतो. तुमच्या मुद्द्याला जोडून सांगतो की 'पुटिन ऑन द रिट्झ' या गाण्याचे मूळ शब्द हार्लेममधल्या नटूनथटून फिरणाऱ्या कृष्णवर्णीयांबद्दल होते. 1946 च्या चित्रपटात फ्रेड अस्टेअर या नर्तक-नटासाठी बर्लिनने ते बदलून रोख श्रीमंत पार्क अ‍ॅव्हेन्यूकडे वळवला. चालीला हात लावावा लागला नाही.

पायपेटी

त्या 'रिट्झ'च्या चालीवरच बोलू या, कारण मूळ प्रश्नाकडे जायची वाट तिथूनच आहे. ठेका सरळ चार मात्रांचा आहे. शब्दांचे आघात मात्र अपेक्षित जागा सोडून सरकत राहतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गायकाची लय चुकली असे वाटते आणि शीर्षकाच्या शब्दांशी आले की सगळे नेमके जागेवर बसते. आपल्याकडे समेला चकवा देऊन येणारी तिहाई ऐकताना जो आनंद होतो, त्याच जातीचा हा आनंद आहे. हे कोणत्याही लेखनिकाने घातलेले नाही. चाल आणि शब्द यांच्या मुळातच ते आहे.

आता पाचरेघी यांनी मांडलेल्या शंकेबद्दल. बर्लिनने आयुष्यात अनेकदा दोन स्वतंत्र चालींची जोडगाणी लिहिली. आधी एक पात्र एक चाल गाते, मग दुसरे पात्र अगदी निराळ्या स्वभावाची दुसरी चाल गाते आणि शेवटी दोन्ही चाली एकाच वेळी गायल्या जातात. 1914 च्या 'वॉच युअर स्टेप'मध्ये असे गाणे आहे. 1950 च्या 'कॉल मी मॅडम'चे न्यू यॉर्कबाहेर सुरुवातीचे प्रयोग चालले होते तेव्हा दुसरा अंक पडतो आहे असे लक्षात आले. नाटकाची नायिका एथेल मर्मनने रसेल नाइप या तरुण नटासोबत गाणे मागितले आणि बर्लिनने 'यू आर जस्ट इन लव्ह' लिहून आणले. नाइपची चाल स्वप्नाळू आणि लांबलांब श्वासांची, मर्मनची चाल तुटक आणि ठसक्याची. एकत्र आल्यावर दोघांचे शब्द वेगवेगळे ऐकू येतात, कारण एक थांबतो तिथे दुसरी बोलते. ज्याला दोन चाली एकाच वेळी मनात ऐकू येतात, त्यालाच असे बांधता येते.

पाचरेघी

पायपेटी, जोडगाण्यांचा मुद्दा मी मान्य करतो. तो माझ्या ध्यानात यायला हवा होता. स्वरसमूहांबद्दलही मी काल पुन्हा वाचले. त्याच्यासोबत काम केलेल्यांच्या आठवणींत एक गोष्ट येते. लेखनिक चालीखाली स्वरसमूह वाजवून दाखवी, बर्लिन 'हा नव्हे' म्हणे, मग दुसरा, मग तिसरा, आणि मनात वाजणारा स्वरसमूह प्रत्यक्ष ऐकू आला की तिथेच थांबवी. त्याला त्याचे नाव सांगता येत नसे, पण कोणता हवा आणि कोणता नको यात त्याची चूक होत नसे. एवढ्यावरून लेखनिकांचे श्रेय संपते असे मला वाटत नाही, परंतु निवड कोणाची होती हे स्पष्ट होते.

काळी_तीन

पाचरेघी, तुमच्या पहिल्या प्रतिसादानंतर मी तीन दिवस पेटी घेऊन बसलो आहे. जे सापडले ते लिहितो.

पेटी असेल त्यांनी काळी तीनला षड्ज धरून 'व्हाइट ख्रिसमस'ची पहिली ओळ वाजवून पाहावी. ओळीत आठ अक्षरे आहेत आणि आठ स्वर : ग, म, ग, कोमल ग, ग, म, तीव्र म, प. एकाच ओळीत दोन्ही गंधार, दोन्ही मध्यम, आणि तेही अगदी एकमेकांना लागून. आता पट्ट्या पाहा : काळी पाच, पांढरी सात, काळी पाच, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात, मग वरची पांढरी एक आणि वरची काळी एक. आठांपैकी चार स्वर पांढऱ्यांवर आहेत.

मी वर लिहिले होते की काळी तीनवर हात आपोआप काळ्या पट्ट्यांवर बसतो. त्या पाच काळ्या पट्ट्या म्हणजे आपला भूप. हाताच्या सोयीने चाल सुचत असती तर बर्लिनची सगळी गाणी भूपाच्या वळणाची झाली असती. येथे तर हात जिथे सहज जाणार नाही तिथले स्वर त्याने मागून घेतले आहेत. कोमल गंधाराला तो जेमतेम स्पर्श करून परत येतो आणि मग अर्ध्या अर्ध्या स्वराने पंचमाकडे चढतो. ते कानाने मागितले आणि बोटांना तिथे जावे लागले. माझी मुलगी शेजारी बसून अभ्यास करत होती. हे गाणे तिने आधी ऐकलेले नाही. पाचव्यांदा वाजवल्यावर तिने वही बाजूला ठेवून ती ओळ गुणगुणायला सुरुवात केली, दोन्ही मध्यमांसकट.

मध्यरात्र

काळी_तीन, तुमचा प्रतिसाद वाचून ऑनलाइन पियानोवर एका बोटाने वाजवून पाहिले. तीव्र मध्यमावरून पंचमावर पोचताना अंगावर काटा आला.

हडसनतीर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काळी_तीन यांचा शेवटचा प्रतिसाद मी मित्राला भाषांतर करून सांगितला. तो काही बोलला नाही, माझ्या घरच्या कीबोर्डपाशी गेला आणि एफ शार्पमध्ये ती ओळ वाजवू लागला. स्वरलेखन समोर नसताना त्या पट्टीत वाजवायची त्याला सवय नाही, म्हणून दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा नीट वाजली तेव्हा त्याने चालीखाली स्वरसमूह धरले, एक बदलून पाहिला, पुन्हा पहिल्यावर आला आणि म्हणाला, "येथे दुसरा चालतच नाही." 'संगीतकार' या शब्दाबद्दल मी त्याला पुन्हा विचारले नाही. निघताना त्याने मला विचारले की म्हातारपणी बर्लिन काय करत होता.

ते मी शोधून ठेवले होते. 1962 चे 'मिस्टर प्रेसिडेंट' फारसे चालले नाही. 1966 मध्ये 'अ‍ॅनी'च्या नव्या प्रयोगांसाठी त्याने आणखी एक जोडगाणे लिहिले, 'अ‍ॅन ओल्ड-फॅशन्ड वेडिंग', आणि त्यानंतर तो हळूहळू लोकांतून दिसेनासा झाला. 1986 संपले तेव्हा 'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड'ची स्वामित्वहक्काची 75 वर्षे पूर्ण होऊन ते गाणे सर्वांचे झाले, आणि ते लिहिणारा अजून हयात होता. 1988 साली कार्नेगी हॉलमध्ये त्याच्या शंभरीचा सोहळा झाला, त्यालाही तो गेला नाही. 22 सप्टेंबर 1989 रोजी, 101 व्या वर्षी, तो मॅनहॅटनमधल्या आपल्या घरी वारला.

मित्र म्हणाला की पुढच्या सत्रात वर्गातल्या मुलांना तो 'यू आर जस्ट इन लव्ह' शिकवणार आहे, आधी कागद न देता, नुसते ऐकवून.